गॅरेजमधून आयर्लंड

लग्नाला बारा वर्षं झाली तरी आमची एकही मोठी सुट्टी भारताशिवाय दुसरीकडे गेली नव्हती. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. वर्षभर लीव्ह साठवायची, डिसेंबरात बॅगा भरभरून चॉकलेटं न्यायची, रोज दोन घरी जेवायचं, एखाद्या लग्नाला हजेरी लावायची, पोट बिघडवून घ्यायचं आणि परत येऊन सोमवारी लॉग-इन करायचं. याला आम्ही हॉलिडे म्हणायचो! शेवटी एकदा मी नवऱ्याला बजावलं की यंदा मी कोणाच्याही साखरपुड्याला येणार नाही, मी आयर्लंडला जाणार आहे. आयर्लंडच का, असं त्याने विचारलं. कारण फार थोर नव्हतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई तिथली होती. ती घरच्या समुद्राबद्दल बोलायला लागली की मला तिचा हेवा वाटायचा, बस.

छोटीशीच टूर होती. डब्लिन, मग गॉलवे, तिथून समुद्राच्या कडेकडेने खाली कॉर्कपर्यंत. सोबत गाईड, लहान बस, आठवड्याच्या आत परत. २०२०च्या एप्रिलचं बुकिंग झालं. आता मुलीला कोण सांभाळणार? तर कराडहून सासरे आले. आपल्याकडे ही सोय असतेच. मुलांनी फिरायला जायचं आणि आजोबांनी त्यासाठी विमानाने अर्धी पृथ्वी ओलांडून यायचं.

सासरे म्हणजे निवृत्त मास्तर. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. कराडात त्यांचं आणि मोठ्या भावाचं घर एकाच कुंपणात. सकाळचा चहा स्वतःच्या घरी, पण दोन्ही वेळचं जेवण भावाकडे, वहिनींच्या हातचं. ते भावाला दादा म्हणायचे. आमचे ते काका आणि त्यांची बायको आमची काकू. सासरे फेब्रुवारीत कॅनबेराला आले, मार्चमध्ये सगळ्या जगाची दारं बंद झाली, टूर रद्द झाली, आणि जे तीन महिन्यांसाठी आले होते ते आमच्या गुंगालिन उपनगरातल्या घरात मुक्कामालाच राहिले.

पहिलं वर्ष खरंच मजेत गेलं. त्यांनी मागच्या अंगणात मेथी लावली, नातीला पाढे शिकवले, तिच्याकडून दुपारला 'आर्वो' म्हणायला शिकले आणि मग रोज दुपारी मला विचारायचे, "आर्वोला चहा टाकू का?" मी घरून काम करत होते, तेही घरात होते, आमची चांगली गट्टी जमली. सुनेची आणि सासऱ्याची एवढी जमलेली बघून नवरा कधीकधी खट्टू व्हायचा.

मग २०२१चा एप्रिल आला. त्या महिन्यात कोणाच्या घरचा फोन वाजला की उचलायच्या आधी आम्ही एकमेकांकडे बघायचो. कराडात काका आणि काकू दोघंही हॉस्पिटलात भरती झाले. काकू परत आल्या, काका नाही आले. सासरे निघायला तयार होते. त्यांना इथून जायला बंदी नव्हती, पण विमानं मिळत नव्हती आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यांना जाऊ देणारही नव्हतो. नवऱ्याने हात जोडले. त्यांनी बॅग पलंगाखाली सरकवली आणि खोलीत जाऊन बसले.

ते बसले ते बसलेच. रडले नाहीत, चिडले नाहीत. मेथी वाळून गेली. ताटातली अर्धी पोळी तशीच परत यायची. पाढे बंद, चहाचं विचारणं बंद. दिवसभर फोनवर ओळखीच्यांच्या श्रद्धांजल्या वाचत राहायचे. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं तर "आय अॅम ऑलराइट" एवढंच म्हणाले. मला राग यायचा, आणि त्या रागाच्या खाली नुसती भीती होती. एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललाय आणि मी त्याला भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारतेय, अशी गत.

सगळ्यात वाईट म्हणजे काकूंशी बोलायला ते तयार नव्हते. काकूंचा दर रविवारी माझ्या फोनवर फोन यायचा. आवाज इतका खोल गेलेला की फोन कानात घालावा लागायचा. दुसरंतिसरं काही बोलायच्या आत त्या विचारायच्या, "भाऊजी कसे आहेत गं?" मी समोर बघायचे. समोर सासरे बसलेले असायचे आणि हाताने नको नको करायचे. मग मी म्हणायचे, "बरे आहेत काकू. आत्ताच झोपलेत." एकदा फोन ठेवल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, बाबा, तिकडे ती बाई एकटी पडलीय, तुमच्याशी दोन शब्द बोलायला तडफडतेय आणि तुम्ही असे काय वागता? ते खाली बघून म्हणाले, "काय बोलू मी वहिनींशी? मी नव्हतो तिथे." मी एक मनाशी धरलं, की हा माणूस काकूंशी बोलला तर वाचेल, नाही तर नाही.

ऑगस्टमध्ये कॅनबेरात लॉकडाऊन लागलं. ट्रॅम रिकाम्या धावायला लागल्या, आणि सासऱ्यांना निदान एखाद्या ओळखीच्या घरी तरी चला म्हणण्याची सोयही गेली. त्याच आठवड्यात टूरवाल्यांची मेल आली. तुमची सहल होऊ शकली नाही, तर त्याबदल्यात चार शनिवार आमची गाईड तुम्हाला तिथून थेट फिरवेल, कॅमेऱ्यावर. मी म्हटलं, घ्या! लग्नाला जाता आलं नाही म्हणून जेवणाचा फोटो पाठवला. नवरा म्हणाला, फुकट आहे, बघू तर खरं.

पहिल्या शनिवारी दिवाणखान्यात टीव्हीवर डब्लिन लावलं. आमच्याकडे अंधार पडत होता आणि तिकडे सकाळ. गाईड साठीच्या पुढची बाई असावी. लाल रेनकोट, गळ्यात ओळखपत्र, एका हातात फोन, आणि बोलणं अखंड. दीड वर्षात बसमध्ये एकही प्रवासी चढला नाही, त्यामुळे साठलेलं सगळं तुम्हालाच ऐकवणार, असं तिने सुरुवातीलाच सांगितलं. नदी दाखवली, पूल दाखवले, एका गल्लीत ओळीने रंगीत दरवाजे दाखवले. आमच्यासारखी आणखी घरं होती, सगळी ऑस्ट्रेलियातली; कडेला प्रत्येकाची लहान चौकट. सासरे आले, पाच मिनिटं सोफ्याच्या टोकावर बसले आणि उठून गेले.

तेव्हा मला युक्ती सुचली. सोफ्यावरून माणूस उठून जातो. गाडीतून उठून कुठे जाणार? पुढच्या शनिवारी मी फर्मान काढलं की सहल ही सोफ्यावर होत नसते, सहल गाडीत होते. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, थर्मासमध्ये चहा भरला, सगळ्यांना स्वेटर घालायला लावले आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत नेऊन बसवलं. टॅबलेट डॅशबोर्डवर टेकवला. मुलगी म्हणाली, "मम, धिस इज सो वीअर्ड," पण सगळ्यात आधी तीच जाऊन बसली. स्टिअरिंगशी मी बसले आणि सासऱ्यांना शेजारची पुढची सीट दिली. शाळेच्या सहलीत मास्तर पुढेच बसतो ना! आणि हे साधे मास्तर नव्हते. शाळेची सहल म्हटली की ती यांचीच, असं वर्षानुवर्षं चाललेलं. ते येतील याची मला खात्री नव्हती. पुऱ्यांच्या वासाने आले की नातीने हात धरला म्हणून, देव जाणे, पण आले.

आता आपली सवय. गाडीत सगळे बसले, दार लागलं, की तोंडातून निघायचं ते निघतंच. नवरा ओरडला, "गणपती बाप्पा," आणि मी आणि मुलगी सगळा जोर लावून "मोरया!" माइक चालू होता. गॉलवेच्या धक्क्यावर गाईडबाई दचकून थांबली. सगळ्या चौकटींतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. नवऱ्याने लाजत लाजत समजावलं की आमच्यात प्रवासाला निघताना देवाचं नाव घेतात, गाडी नीट जावी म्हणून. ती म्हणाली, फार चांगलं, मलाही गरज आहे. आणि तिने ते पुन्हा म्हणायला लावलं, सगळ्यांनी. ब्रिस्बेनचा एक गृहस्थ 'मोरया'च्या जागी काहीतरी भलतंच म्हणाला. मी हळूच बाजूला बघितलं. सासऱ्यांच्या ओठांचा कोपरा हलला होता.

त्या दिवशी गॉलवेत राजहंस बघितले, पाण्याच्या काठाची बुटकी घरं बघितली. गाईडने फोन पाण्याजवळ नेला तेव्हा सासऱ्यांनी मुलाला म्हटलं, "भरती आहे की ओहोटी, विचार तिला." कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. भरती होती.

तिसऱ्या शनिवारी समुद्रावरचे ते सुप्रसिद्ध कडे होते. आणि कड्यांवर होतं धुकं. काही म्हणजे काही दिसेना. पांढऱ्याफटक पडद्यावर नुसता वारा आणि गाईडबाईचा आवाज, की माझ्या डाव्या हाताला आता जगातलं एक सुंदर दृश्य आहे, माफ करा. सासरे चक्क हसले. महाबळेश्वरला मुलांना नेलं की दर वेळी हेच व्हायचं म्हणाले. प्रत्येक पॉइंटवर धुकं, आणि ते मुलांना सांगायचे, इथे खोल दरी आहे, बघितली असं समजा आणि चला. मग नात मागे लागली म्हणून सहलींच्या गोष्टी निघाल्या. मुक्काम कुठे, जेवण कुठे, एसटीत कोण उलटी करायचं. आणि प्रत्येक थांब्यावर गाडी सुटायच्या आधी स्वतः मागपर्यंत जाऊन डोकी मोजायची. त्यांचा तो नियमच होता. ड्रायव्हर कितीही करवादला तरी मोजल्याशिवाय घंटी नाही.

आमच्या या सहलीत डार्विनच्या एक आजी होत्या. जन्म आयर्लंडचा, तरुणपणी बोटीने इकडे आल्या, नवरा गेल्यावर एकट्याच राहत होत्या. आमच्याकडे हिवाळा, आम्ही गाडीत घोंगड्या गुंडाळून बसलेलो आणि उत्तरेकडच्या डार्विनात त्यांच्या डोक्यावर पंखा गरगरत असायचा. त्या गाईडला सारख्या मध्ये थांबवायच्या, या वळणावर पूर्वी बेकरी होती वगैरे. शेवटचा शनिवार त्यांचा होता. कॉर्कजवळचं कोव बंदर, म्हणजे त्यांचं गाव. जिथून बोटीत चढल्या तो धक्का, त्यांची शाळा, डोंगरउतारावरचं त्यांचं घर, सगळं गाईड दाखवणार होती. हे त्यांनी प्रत्येक शनिवारी प्रत्येकाला सांगितलं होतं.

तो शनिवार आला. या वेळी सासरे आमच्या आधी गाडीत जाऊन बसले होते. पडद्यावर बंदर दिसत होतं, चढावर चिकटून उभी असलेली रंगीबेरंगी घरं, वरती चर्चचा सुळका, लख्ख ऊन. मोरया झालं. गाईड निघणार, एवढ्यात सासरे टॅबलेटकडे वाकले आणि बोट दाखवत चौकटी मोजायला लागले. पुन्हा एकदा मोजल्या. मग नवऱ्याला न सांगता, न विचारता, स्वतःच मोठ्याने बोलले, वर्गात बोलतात तसं. "मॅडम, वन पॅसेंजर इज लेस. प्लीज डू नॉट स्टार्ट."

डार्विनच्या आजी नव्हत्या. गाईड म्हणाली, येतील त्या, उशीर झाला असेल, तोवर आपण थोडं पुढे जाऊ. ब्रिस्बेनवाला म्हणाला, विसरल्या असतील, म्हातारं माणूस. नवराही हळूच म्हणाला, बाबा, सगळे खोळंबलेत. सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचं इंग्रजी तुटक, पण त्या दिवशी अडलं नाही. आज तिचं गाव आहे, ते म्हणाले. आज ती विसरणार नाही. काहीतरी झालंय. फोन करा.

गाईडबाईने बघितलं त्यांच्याकडे आणि पुढे वाद घातला नाही. आजींना फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग बुकिंग करताना त्यांनी मुलीचा नंबर दिला होता तो शोधून मेलबर्नला लावला. मुलीने शेजाऱ्याला पाठवलं, त्याच्याकडे किल्ली होती. हे सगळं आम्हाला गाईड तिथून सांगत होती, धक्क्यावर येरझाऱ्या घालत. फोन तिने तसाच हातात धरलेला, त्यामुळे आम्हाला कधी आकाश दिसायचं, कधी तिचे बूट. कोणी सहल सोडून गेलं नाही. ब्रिस्बेनवालासुद्धा थांबला. मी पुऱ्यांचा डबा उघडला, तर कोणी हात लावला नाही. सासरे सीट धरून बसले होते, आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, त्या बाईला काही होऊ देऊ नकोस रे, या माणसाला आता आणखी एक सोसायचं नाही.

निरोप आला. आजी सकाळीच बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुबा मोडला होता, उठता येत नव्हतं. शुद्धीवर होत्या. अॅम्ब्युलन्स आली होती. जाताजाता त्यांनी शेजाऱ्याला म्हणे सांगितलं, सहलवाल्यांना माझ्याशिवाय निघू नका म्हणावं. हे सांगताना गाईडबाई हसत होती आणि रडतही होती. मग तिने फोन तोंडासमोर धरला आणि सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही विचारलं नसतंत, तर मी निघाले होते."

सहल अर्थातच झाली नाही. आजी बऱ्या होतील तेव्हा सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं, आणि पुढे ते झालंही. त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून आपलं घर बघितलं. लोक एकेक करत गेले. टॅबलेट काळा झाला. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "यू सेव्ह्ड हर, आजोबा."

सासऱ्यांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. एप्रिलपासून न आलेलं रडू गॅरेजमध्ये आलं, मोठ्याने, लहान मुलासारखं. नवरा मागून त्यांच्याकडे झुकायला गेला, तर मी त्याचा हात धरला. रडू दे म्हटलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या बाईचं नावसुद्धा मला धड माहीत नाही, तिची चौकशी केली मी. आणि वहिनींना एकदा विचारलं नाही, कशा आहात. फोन लाव."

भारतात दुपार होती. मी लावला आणि त्यांच्या हातात न देता स्पीकरवर ठेवला, माझंही धाडस नव्हतं. काकूंनी उचलला. रविवार नसताना माझा फोन बघून त्या घाबरल्याच असाव्यात, नुसतं "काय झालं?" म्हणाल्या.

"वहिनी, मी बोलतोय."

मग काकूंचा आवाज आला, एकेक शब्द तोडून.

"भाऊजी? तुम्हीच बोलताय ना?" आणि मग बांध फुटला. "मला वाटलं तुम्हीही गेलात. मी हॉस्पिटलात होते तेव्हा यांचं विचारलं की सगळे मला सांगायचे, बरे आहेत, आत्ताच झोपलेत. हे गेल्यानंतरही अकरा दिवस सांगत होते. सूनबाईपण तेच म्हणायची हो. मी समजून चुकले. म्हटलं, पोरं सांगत नाहीयेत, आपणही विचारून त्यांना त्रास देऊ नये. पण रविवार आला की राहवायचं नाही."

चार महिने ही बाई दर रविवारी, तिच्या लेखी मेलेल्या दिराची खुशाली विचारत होती, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आपल्याकडे आजारी माणसापासून वाईट बातमी लपवतात, त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात किती जणांचे पाय धरले, सांगता येत नाही. लाल रेनकोटवाल्या बाईचे, डार्विनच्या आजींचे, टूर रद्द करणाऱ्यांचेसुद्धा. टूर झाली असती तर आम्ही आयर्लंड बघून आलो असतो, फोटो काढले असते, सासरे कराडला परत गेले असते आणि त्या एप्रिलात भावाशेजारच्याच खाटेवर असते. त्याऐवजी ते माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसले होते आणि रडत होते. मला आणखी काही नको होतं.

"आहे, वहिनी. मी आहे," ते एवढंच म्हणत राहिले. मग एकदम नातीकडे वळून म्हणाले, "व्हिडिओ लाव गं. तोंड दिसू दे त्यांना माझं."

तिने लावला. गॅरेजच्या पिवळ्या दिव्यात त्यांनी फोन समोर धरला. गालावर पांढरे खुंट, डोळे लाल, कानटोपी वाकडी. पलीकडे काकू किती वाळल्या होत्या! काकू नुसत्या बघत होत्या, फोन डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ आणून. मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

"दाढी करा हो, भाऊजी," त्या म्हणाल्या.